890 बघून माल स्वदेशी ठरत नाही आणि मराठी सहीनं चेक परत येत नाही

सध्या सोलापुरात चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपपासून ते अपार्टमेंटच्या ग्रुपपर्यंत एकच लांबलचक फॉरवर्ड फिरायलाय. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बारकोड 890 नं सुरू झाला की माल भारतातला, 690 नं सुरू झाला की चिनी. काळ्या रेघांतच किंमत भरलेली असते. क्यूआर कोड चीननं शोधला आणि प्रत्येक स्कॅनची माहिती तिकडं जाते. कोड फाटका असेल तर पैसे भलत्याच्याच खात्यात जातात. बँकेत आता सही मशीन वाचतं म्हणून मराठीत सही करू नका. आणि शेवटी एक खास धंद्याची टिप, चेकवर सही मुद्दाम जरा वेगळी करा म्हणजे चेक बाउन्सची केस लागत नाही. या शेवटच्या टिपेमुळंच खरं तर लिहायला बसलो, कारण बाकीचं वाचून माणूस फार तर चुकीचा साबण घेईल, पण हिच्यामुळं कोर्टात उभं राहायची वेळ येईल.

आधी 890 चं बघू. हे 13 आकडे असतात, त्याला ईएएन-13 म्हणतात. सुरवातीचे तीन आकडे एवढंच सांगतात की कंपनीनं आपला नंबर कुठल्या देशाच्या जीएस1 संस्थेकडनं, म्हणजे बारकोडचे नंबर वाटणाऱ्या संस्थेकडनं घेतला. 890 म्हणजे जीएस1 इंडिया, 690 ते 699 चीन, 400 ते 440 जर्मनी. माल कुठं बनला ते त्यात नाहीच. एमएच-13 पासिंगची गाडी सोलापूरच्या आरटीओत नोंदली एवढंच कळतं, ती बनली कुठल्या कारखान्यात आणि आज फिरतीय कुठं हे नंबर प्लेटवरनं सांगता येतं का? तसंच हे. एखाद्या इथल्या कंपनीनं चीनमधनं कंटेनर मागवला आणि आपल्या ब्रँडच्या डब्यात भरून विकला, तर त्यावर 890 च येणार आणि त्यात बेकायदेशीर काहीच नाही.

उलटी गंमत आपल्याच गावात आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणलेला टेरी टॉवेल परदेशी दुकानाच्या ब्रँडखाली जातो तेव्हा टॅगवर नंबर त्या दुकानाचा असतो, दुकान जर्मन असेल तर तो 4 नं सुरू होईल. म्हणजे या फॉरवर्डच्या हिशोबानं आपल्या कामगारानं विणलेला टॉवेल जर्मन झाला! आणि चादरीचं तर विचारूच नका. सोलापुरी चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी बाहेर विणलेल्या चादरी ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जातात ही इथल्या कारखानदारांची जुनीच तक्रार आहे. आता पानिपतला विणलेल्या चादरीवर काय येणार, 890 च ना? मग हा आकडा बघून तुम्ही नेमकं काय ओळखणार? त्यापेक्षा पॅकिंगवर बारीक अक्षरात निर्माता, पॅकर, आयातदार आणि मूळ देश लिहिलेला असतो तो वाचा, चष्मा लावून वाचा पण तोच वाचा. आणि जाता जाता, घरातलं कुठलंही नवीन पुस्तक उलटं करून बघा, कोड 978 नं सुरू होईल. हा कुठला देश? कुठलाच नाही, तो आकडा पुस्तकांसाठी राखून ठेवलाय.

अजून एक मजा म्हणजे 890 मधल्या पहिल्या 8 ला स्वतःच्या रेघाच नसतात. मूळ अमेरिकन कोड 12 आकड्यांचा होता, युरोपनं तेरावा बसवला तो जुन्याच जागेत, त्यामुळं डावीकडच्या सहा आकड्यांच्या रेघा कुठल्या दोन पद्धतींनी आलटून पालटून काढल्यात त्यावरनं मशीन पहिला आकडा ताडतं. शेवटचा आकडा तर मालाबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त तपासणीचा. मी आपला मनानंच नंबर घेतो, 8901234567890. पहिल्या बारा आकड्यांतले एकाआड एक, म्हणजे 8, 0, 2, 4, 6, 8 यांची बेरीज 28. उरलेल्यांची म्हणजे 9, 1, 3, 5, 7, 9 यांची 34, तिला तीननं गुणलं की 102. एकूण 130, पुढच्या दहाच्या पटीला काही कमी पडत नाही म्हणून शेवटचा आकडा 0. आता यातला 2 स्कॅनरनं चुकून 7 वाचला तर बेरीज होते 135, शेवटी 5 पाहिजे पण छापलाय 0, मग मशीन बीप करत नाही आणि काउंटरवरची पोरगी पाकीट परत परत फिरवत बसते. हे सगळं चुकीचं वाचलं जाऊ नये म्हणून आहे. खोटा माल पकडण्यासाठी नाही, कारण हाच नंबर दुसऱ्या पाकिटावर छापायला कुणी अडवलंय?

किंमतीचा मुद्दा अर्धवट खरा आहे म्हणून नीट सांगतो. साध्या छापील पाकिटावरच्या रेघांत किंमत नसते, फक्त नंबर असतो. किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये त्या नंबरापुढं टाकलेली असते, म्हणून तर नव्या पेठेत आणि विजापूर रोडला एकाच बिस्किटपुड्याचा रेट वेगळा निघू शकतो. हे पहिल्या दिवसापासून असंच आहे. 26 जून 1974 ला अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावात मार्श सुपरमार्केटमध्ये दुकानाच्या काउंटरवर युपीसी, म्हणजे तो मूळ 12 आकड्यांचा अमेरिकन कोड, पहिल्यांदा स्कॅन झाला, माल होता रिगलीच्या च्युइंगगमचं पाकीट, किंमत 67 सेंट, आणि ते 67 सेंट रेघांत नव्हते. किंमत किंवा वजन रेघांत असतं ते मॉलमध्ये सुटी डाळ नाहीतर भाजी वजन करून जे स्टिकर मारतात त्यात, तो कोड बहुतेक 2 नं सुरू होतो, तो त्या दुकानापुरताच. त्यामुळं बिलावर शंका आली तर छापील एमआरपी बघा, रेघांकडं टक लावून काही उपयोग नाही.

रेघांचा विषय निघालाच आहे तर, ही कल्पना कुठल्या मोठ्या कंपनीच्या लॅबमध्ये आलेली नाही. नॉर्मन वुडलँड मायामीच्या बीचवर वाळूत बोटं फिरवत बसला होता, मोर्स कोडचे टिंब आणि डॅश खाली ओढले की जाड-बारीक रेघा होतात हे त्याला तिथं सुचलं. त्याचा मित्र बर्नार्ड सिल्व्हर आणि तो, दोघांनी 1949 मध्ये पेटंटचा अर्ज केला, ते 1952 ला मिळालं आणि 15,000 डॉलरला विकलं गेलं. तेव्हा उजेड पाडायला दिवा होता पण स्वस्त लेझर नव्हता, छोटा कॉम्प्युटर नव्हता, म्हणून शोध वीसेक वर्षं तसाच पडून राहिला. त्यांचा एक नमुना गोल होता, कुठनंही वाचता यावा म्हणून, पण छापताना शाई पसरली की गोल बिघडायचा. शेवटी आयबीएमच्या जॉर्ज लॉररनं उभ्या रेघा घेतल्या, शाई रेघेच्या दिशेनं पसरली तर फक्त रेघ लांब होते. इथल्या छपाईवाल्यांना एक सांगून ठेवतो, पिशवी लाल आहे म्हणून कोडच्या रेघा लाल छापू नका, बऱ्याच स्कॅनरचा उजेड लाल असतो आणि त्याला लाल रेघ पांढऱ्यासारखीच दिसते.

क्यूआर कोड चिनी? नाही ओ. जपान, 1994, टोयोटाच्या गटातली डेन्सो, आणि माणसाचं नाव मासाहिरो हारा. गाड्यांच्या पार्टच्या एकेका खोक्यावर ढिगानं बारकोड असायचे, कामगार स्कॅन करून करून वैतागलेले, म्हणून आडवा-उभा दोन्हीकडं माहिती धरणारा कोड पाहिजे होता. ‘गो’ नावाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या बघून त्याला मांडणी सुचली. तीन कोपऱ्यातले चौकोन दिसतात ना, त्यांच्या मधोमध कुठल्याही दिशेनं रेघ मारा, काळं-पांढरं 1:1:3:1:1 याच प्रमाणात येतं. छापील कागदांवर कुठलं प्रमाण सगळ्यात कमी सापडतं हे ढिगानं पत्रकं, मासिकं, खोकी तपासून त्यांनी ठरवलं, म्हणून फोन तिरका धरला तरी कॅमेरा लगेच कोड पकडतो. कंपनीनं पेटंट घेतलं पण वापरणाऱ्यांवर हक्क गाजवला नाही, त्यामुळं तो जगभर झाला. चीननं तो पेमेंटला प्रचंड वापरला हे खरं, पण वापरणं वेगळं आणि शोधणं वेगळं.

माहिती चीनला जाते म्हणे. अरे, भाकरीच्या गाड्यावरचा क्यूआर म्हणजे कागदावरची शाई, त्यात साधारणपणे दुकानदाराचा यूपीआय आयडी आणि नाव एवढंच असतं. शाई कुठं काही पाठवते का? पाठवायचं काम तुमच्या फोनमधलं ॲप करतं आणि यूपीआय चालवणारी संस्था एनपीसीआय आपलीच आहे. हां, कुठल्या तरी पोस्टरवरच्या क्यूआरमधनं लिंक उघडली तर ती वेबसाइट तुमच्याकडनं काय घेतीय ते बघायला पाहिजे, पण हे हातानं टाइप केलेल्या लिंकलाही लागू आहे.

फाटक्या कोडचं तर सरळ उलटं आहे. क्यूआरमध्ये मुद्दाम जास्तीची माहिती भरलेली असते, रीड आणि सोलोमन या दोघांनी 1960 मध्ये काढलेल्या गणितानं. कोड कुठल्या लेव्हलचा आहे त्यावर साधारण 7 ते 30 टक्के भाग खराब झाला तरी मशीन तो भरून काढतं. त्याच्या पलीकडं गेलं, नाहीतर कोपऱ्यातला एखादा चौकोनच उडाला, तर कोड स्कॅनच होत नाही. चटणीचं तेल सांडून तुमचा आयडी शेजाऱ्याचा आयडी होणं, असं होत नाही.

भीती बाळगायची ती धडधाकट दिसणाऱ्या कोडची. गड्डा यात्रेच्या गर्दीत कुणी तुमच्या कोडवर स्वतःचा स्टिकर चिकटवला तर तो अगदी मस्त स्कॅन होईल आणि पैसे चिकटवणाऱ्याला जातील. मशीनला त्यात काही वावगं दिसणार नाही, त्यानं छापलेलं बरोब्बर वाचलं. म्हणून गिऱ्हाइकानं पिन टाकायच्या आधी स्क्रीनवरचं नाव मोठ्यानं वाचावं आणि दुकानदारानं साउंडबॉक्स बोलला का ते ऐकावं. आणि पैसे ‘घ्यायला’ क्यूआर स्कॅन करून पिन टाका असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही, कमाल आहे.

आता सही. इथं मशीनचं काम एकदम बदलतं. बारकोडला एक बरोबर उत्तर असतं, सहीला नसतं, कारण तुम्ही स्वतः दोनदा हुबेहूब सारखी सही करूच शकत नाही. दोन सह्या एकावर एक ठेवून तंतोतंत जुळल्या तर उलट तपासणाऱ्याला शंका येते की काच ठेवून गिरवली की काय. म्हणून सही ओळखणारं सॉफ्टवेअर ‘किती जुळते’ एवढंच सांगतं आणि कुठं थांबायचं ती रेघ माणसानं आखायची असते. कडक आखली तर खऱ्या मालकाचीच सही नापास, सैल आखली तर नकली पास. नुसत्या कागदावरच्या सहीचा आकार कळतो, पण पेन-टॅब्लेटवर सही केली तर वेग कळतो, पेन कुठं उचललं ते कळतं, काही टॅब्लेटवर दाबही कळतो, आणि आकार गिरवणाऱ्याला ते चोरणं जड जातं. 1993 मध्ये बेल लॅब्जच्या लोकांनी, त्यात यान लकून होते, यासाठी जुळं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरनं शिकणाऱ्या प्रोग्रामची जोडी केली, एकात खरी सही, दुसऱ्यात समोरची, आणि दोघांत अंतर किती ते मोजायचं.

या सगळ्यात अक्षर वाचायचा प्रश्न आला कुठं? मशीन ‘कुलकर्णी’ का ‘शेख’ हे वाचत नाही, वळणं जुळवतं. पूर्व भागात कितीतरी लोक तेलुगूत सही करतात, अक्कलकोटकडचे कन्नडमध्ये, कुणी उर्दूत, आणि त्यांचे चेक वर्षानुवर्षं पास होतायत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं चेक हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागातल्या भाषेत लिहिता येतो. आता चेक ट्रंकेशनमध्ये कागद फिरतच नाही, त्याचा फोटो तुमच्या बँकेकडं जातो आणि तिथं नमुना सहीशी ताडून बघतात, सॉफ्टवेअर मदतीला असलं तरी. त्यामुळं नियम एकच, नमुना कार्डावर जशी आहे तशी करा. घाबरून एकदम इंग्रजीत सुरू केली तर चेक परत येणार तो त्याच कारणानं. वीस वर्षांपूर्वीची सही बदलली असेल तर शाखेत जाऊन नवा नमुना द्या. आणि चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर काही लिहू नका, तिथं चुंबकीय शाईत मशीनला वाचायचा एमआयसीआर नंबर छापलेला असतो, त्याचे पहिले तीन आकडे गाव सांगतात, आपल्याकडं 413, पिनकोडसारखेच.

राहिली ती टिप. सुताच्या धंद्यात पुढच्या तारखेचे चेक रोज फिरतात, तेव्हा ही ऐकून कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळणारच. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच लक्ष्मी डायकेमच्या खटल्यात सांगून टाकलंय की सही जुळत नाही म्हणून चेक परत आला तरी चेक बाउन्सचं कलम 138 लागू होऊ शकतं, नुसतं खात्यात पैसे नाहीत तेव्हाच नव्हे. चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत समोरचा नोटीस देतो, नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे दिले तर विषय मिटतो, ज्याची सही खरोखर चुकून बदलली त्याला तेवढा वेळ पुरतो. नाही दिले तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टिप पाठवणारा त्या तारखांना तुमच्यासोबत कोर्टात येणार आहे का, तेवढं त्याला ग्रुपवरच विचारा.