ते काचबिंदूच्या ऑपरेशनचं फॉरवर्ड अर्धंच खरं आहे

सध्या एक मेसेज फिरतोय, की स्टिरॉइडच्या ड्रॉप्समुळे मुलाला काचबिंदू झाला तरी घाबरू नका, आता बिनटाक्याचं छोटं ऑपरेशन निघालंय, गेलेली नजर परत येते. ऑपरेशन आहे हे खरं, पण नजर परत येते हे साफ चूक. काचबिंदूत डोळ्याची नस सुकते, ती कुठल्याच ऑपरेशनने पुन्हा जिवंत होत नाही, डोळ्यातलं प्रेशर कमी करून उरलेली नजर वाचवायची एवढंच हातात असतं.

होतं काय, तर ॲलर्जीने डोळे खाजतात म्हणून ड्रॉप्स देतात, आराम पडतो, मग घरचेच तीच बाटली महिनोन्महिने परत परत आणत राहतात (खरा घोळ इथे आहे), आणि स्टिरॉइडमुळे डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) बाहेर जायची जाळी चोंदते नि प्रेशर वाढतं, बरं दुखतही नाही त्यामुळे पोरगं काही बोलत नाही. बऱ्याच मुलांचं प्रेशर स्टिरॉइड थांबवल्यावर काही आठवड्यांत उतरतं, ते थांबवायचं पण डॉक्टरला विचारूनच. नाही उतरलं तर प्रेशरचे ड्रॉप्स, आणि त्यानेही भागलं नाही तरच ऑपरेशन.

त्यात 'गॅट' नावाच्या प्रकारात बुबुळाच्या कडेला बारीक छेद देऊन आतूनच एक दोरा गोल फिरवतात आणि ती जाळी उघडतात. नंतर काही दिवस डोळ्यात रक्त साचून धुरकट दिसू शकतं, ते बहुतेक वेळा आपोआप निवळतं. प्रेशर मात्र पुढेही तपासत राहावं लागतं.