ख्रिस मार्लोबद्दलच्या माझ्या पोस्टवर आलेल्या कमेंटला उत्तर

तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, म्हणून आता लिहायला बसलोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ख्रिस मार्लोवर, म्हणजे व्हॉलीबॉल खेळून मग टीव्ही कॉमेंटेटर झालेल्या अमेरिकन माणसावर, मी लिहिलं ती निव्वळ आरती होती, व्हॉलीबॉलच्या माणसाला बास्केटबॉलच्या माइकसमोर बसवलं ते फक्त ऑलिम्पिक गोल्डच्या जिवावर, आणि अशा लोकांमुळे रीतसर शिकून आलेल्या कॉमेंटेटरांच्या जागा जातात.

आरतीचं कबूल. 1984 ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला मार्लो अमेरिकेच्या व्हॉलीबॉल टीमचा कॅप्टन होता, ग्रुपमध्ये ब्राझीलकडून 3-0 मार खाल्ला आणि फायनलला त्याच ब्राझीलला 3-0 नं उलटं धुतलं, हे मी रंगवून रंगवून लिहिलं, पण त्या काळातली तगडी सोव्हिएत टीम बॉयकॉटमुळे आलीच नव्हती हे साफ गाळलं. तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत.

पण वशिल्याचं म्हणाल तर तुम्ही दोन खुर्च्यांची गल्लत करताय. कॉमेंट्री बॉक्समध्ये दोघं बसतात ना, त्यातला एक एक्स्पर्ट, तो रिप्ले बघून सांगतो की ब्लॉक का फुटला, तिथे जुना खेळाडू लागतोच आणि तिथे मेडल चालतं. दुसरा प्ले-बाय-प्लेवाला. बॉल कुणाकडे, स्कोअर किती, वेळ किती उरला, ब्रेकला कधी जायचं, शेजारच्याला कधी बोलू द्यायचं आणि आपण कधी गप्प बसायचं, हे सगळं त्याच्या डोक्यावर. मार्लो या दुसऱ्या खुर्चीतला. 2008 च्या बीजिंगला बीच व्हॉलीबॉलसाठी त्याच्या शेजारी कार्च किराय होता, इनडोअरची दोन आणि बीचचं एक अशी तीन गोल्ड असलेला माणूस, आणि तरी मॅच पुढे नेणं मार्लोचं काम, कारण ते काम मेडलांची संख्या मोजून वाटत नाहीत. डेन्व्हर नगेट्स या बास्केटबॉल टीमच्या मॅचेस तो 2004 पासून सांगायला लागला, तिथे शेजारी कित्येक वर्षं स्कॉट हेस्टिंग्ज, जो स्वतः एनबीए, म्हणजे अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग, खेळलेला. म्हणजे 'बास्केटबॉल खेळलेला माणूस हवा' ही तुमची अट तिथे पूर्ण झालेलीच होती, फक्त दुसऱ्या खुर्चीत. (कॉलेजला मार्लो स्वतः बास्केटबॉलही खेळायचा, तेही मी लिहायला विसरलो, म्हणजे स्वतःचाच मुद्दा लंगडा केला.)

हे काम किती अवघड ते मला एकदाच कळलं आणि तेवढं पुरलं. मी बरीच वर्षं व्हॉलीबॉलमध्ये सेटर म्हणून, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा म्हणून, खेळलो, त्यामुळे एका टूर्नामेंटला कॉमेंट्रीवाला आला नाही तेव्हा माइक माझ्या हातात दिला, मला वाटलं यात काय, गेम तर आपल्याला पाठ आहे. पहिलीच रॅली. रिसीव्ह कुणी केला ते सांगतोय तोवर स्मॅश पडून बॉल पलीकडे उचललासुद्धा, डोकं पुढच्या बॉलवर आणि तोंड मागच्या बॉलवर, सेटरची सवय अशी की नजर आधी समोरच्या ब्लॉकरवर जाते त्यामुळे मारणारा कोण तेच दिसेना, आणि मग 'आणि... आणि... पॉइंट!' एवढंच काय ते तोंडातून निघायचं. अर्धा सेट झाल्यावर मागून एका काकांनी विचारलं, अहो स्कोअर किती? तोपर्यंत मी एकदाही स्कोअर सांगितला नव्हता. एकदाही नाही! मला गेम येत होता, सांगता येत नव्हता. आणि मार्लो ते ज्या खेळात करतो तिथे सीझनला एकेका टीमच्या 82 मॅचेस असतात.

शिवाय व्हॉलीबॉल सोडून तो बास्केटबॉलकडे का गेला याचं उत्तर पण सरळ आहे, अमेरिकेत टीव्हीवर व्हॉलीबॉलला खरा भाव चार वर्षांतून एकदा येतो, मधल्या काळात पोट कशावर भरायचं?

आणि मेडल नोकरी टिकवतं असं वाटत असेल तर मार्लोच्याच व्हॉलीबॉल टीममधला पॉल संडरलँड बघा. त्याचंही 1984 चंच गोल्ड. 2002 ला चिक हर्न गेले, ज्यांनी लेकर्स या एनबीए टीमच्या सलग 3338 मॅचेस सांगितल्या होत्या, आणि ती जागा संडरलँडकडे आली. अशा माणसानंतर बसणं म्हणजे रोज तुलना, रोज 'चिक असता तर'. 2005 पर्यंत तो तिथे होता, मग दुसरा आणला. गोल्ड घरात होतंच की.

जागा जातात हे मात्र पूर्ण खोडून काढत नाही. नाव असलेल्या माणसाला पहिली संधी लवकर मिळते, दार ओळखीनं उघडतं, हे तिथेही खरं आहे आणि मी ते टाळलं. फक्त एवढंच म्हणेन की ती पहिली एक-दोन वर्षं झाली, वीस वर्षं ऐकणारे लोक मेडलसाठी ऐकत नाहीत. आणि चैन म्हणाल तर 2023 ला नगेट्सनी पहिलं टायटल जिंकलं, तेव्हा फायनल्स एबीसीवर, म्हणजे नॅशनल चॅनलचे कॉमेंटेटर, लोकल टीव्हीवाल्यांना तिथे जागाच नसते. 2004 पासून घसा ताणला त्या टीमचा सगळ्यात मोठा क्षण टीव्हीवर दुसऱ्याच्या आवाजात.

मूळ पोस्टमध्ये बॉयकॉटचं आणि कॉलेज बास्केटबॉलचं वाक्य टाकतोय. शेवटच्या पॅरातलं 'अजरामर आवाज' काढलं, ते खरंच जरा जास्तच झालं होतं.