रिहॅबला ॲडमिट केलं की केस खलास? 64अ पूर्ण वाचा आधी

माझा आत्येभाऊ गर्दच्या (म्हणजे हेरॉईनच्या) केसमध्ये अडकलाय, सध्या व्यसनमुक्ती केंद्रात आहे, आणि आत्या त्याला शनिवारी घरी आणायला निघालीये. का, तर व्हॉट्सॲपवर फिरतंय: "नशेच्या केसमध्ये 64अ खाली रिहॅबला ॲडमिट झालं की केस खलास. आठ-दहा दिवसांत घरी आणा, पुढे कोणी विचारत नाही. माल कितीही असो, केंद्र कुठलंही चालतं."

अहो, हे कलम शेवटपर्यंत वाचलंय का कोणी? एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातलं जेमतेम दोन वाक्यांचं कलम आहे ते. पहिलं वाक्य फॉरवर्डच्या बाजूचं, मान्य: स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला चालत नाही. पण लगेच खाली लिहिलंय की उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येतं. मग जुनी केस परत उभी, आणि गर्दच्या सेवनाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा 20,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. आपोआप जात नाही ते संरक्षण, हेही खरं, पण तेवढ्या भरवशावर पोराला उचलून आणायचं?

आणि आठ-दहा दिवसांत होतं ते फक्त डिटॉक्स, अंगातली नशा उतरते, तलफ तिथेच असते. गर्दच्या बाबतीत तर हे जिवावर बेततं, कारण मधे बंद राहिल्यावर शरीराची सहन करायची ताकद कमी झालेली असते आणि बाहेर येऊन जुन्याच सवयीने तेवढाच डोस घेतला की श्वास थांबू शकतो, माणूस जातो. आत्या, केस राहू दे बाजूला, हे वाच आधी. भेटायला जा, आणू नकोस.

"पुढे कोणी विचारत नाही"? दोषी ठरवून कोर्टाने कलम 39 खाली उपचाराला सोडलं असेल तर बॉन्ड, म्हणजे हमीपत्र द्यावं लागतं, वर्षाच्या आत उपचाराचा रिपोर्ट घेऊन हजर व्हायचं, नंतरही तीन वर्षांपर्यंतचा बॉन्ड घेऊ शकतात आणि तो मोडला की बोलावून शिक्षा. जामीनदाराचे पैसे अडकतात ते वेगळंच.

माल कितीही? नाही. अल्प प्रमाणाची मर्यादा ठरलेली आहे: हेरॉईन 5 ग्रॅम, चरस 100 ग्रॅम, गांजा 1 किलो, त्याच्यावर 64अ नाही, आणि भेसळीसकट वजन धरतात, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच सांगितलंय. केंद्रही सरकारी नाहीतर सरकारमान्य लागतं, मान्यतेचा कागद ॲडमिट करायच्या आधी मागा आणि वकिलांना दाखवा.