सातच्या आत जेवायचं, पण घरी कधी पोचायचं?

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे: झोप नीट लागायची तर रात्रीचं जेवण सातच्या आत उरकावं की नाही. काका जैनांच्या चौविहाराचा, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याच्या नेमाचा, दाखला देतात, मामेभाऊ डॉक्टरांचे व्हिडिओ टाकतो. बदलापूरची वहिनी, म्हणजे काकांची सून, काहीच लिहीत नाही. सात वाजता ती सीएसएमटीहून सुटलेल्या लोकलमध्ये उभी असते.

सल्ला खोटा नाही. जेवल्याजेवल्या आडवं झालं की पोटातलं आम्ल घशाशी येतं, तिखट-तळलेलं असेल तर जास्तच. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेतच. माझं म्हणणं एवढंच की हा सल्ला आपण चुकीच्या माणसाला देतोय.

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते. इथे ऑफिसच्या कँटीनमध्ये साडेअकरालाच रांग लागते. गरम जेवण दुपारी, आणि संध्याकाळी पुष्कळ घरांत नुसता पाव, चीज, काकडीचं लोणचं. शेगडी पेटवावीच लागत नाही, म्हणून साडेसहाला जेवण होऊ शकतं. आपल्याकडे रात्रीचं जेवण म्हणजे कुकर आला, भाजी आली, गरम पोळ्या आल्या, आणि बहुतेक घरांत हे सगळं बाईच्याच वाट्याला. दुसरं म्हणजे, १९९४ च्या इथल्या कायद्यानुसार आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ११ तासांची विश्रांती द्यावी लागते. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची मर्यादा दिवसाला ९ तासांवरून १२, आणि दुकानं-ऑफिसांतली ९ वरून १० करायला मंजुरी दिली. त्या दिवशी ग्रुपवर झोपेबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

जर्मन लोकांचं सगळंच आदर्श आहे असंही नाही. संध्याकाळच्या बिअरने छान झोप लागते, हा समज इथेही आहे आणि आपल्याकडच्या ‘एका पेग’वाल्यांतही. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण तिचा अंमल उतरला की उत्तररात्री झोप सारखी मोडते, स्वप्नांची झोपही घटते.

चहाचं मात्र आपल्या हातात आहे. दिवसभरात मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि त्यानेच झोप येते. कॅफिन नेमकं त्यालाच अडवतं. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्यांची झोप तासाहून जास्त घटली. चहात ते कॉफीपेक्षा कमी असतं, पण आपण एका कपावर थांबतो कुठे? पाचला एक, पाहुणे आले की एक, ऑफिसातून आल्यावर आल्याचा एक. चारनंतरचा चहा सोडणं सातच्या जेवणापेक्षा कितीतरी सोपं आहे, आणि त्यासाठी कुणाला लवकर घरी यावं लागत नाही.

वहिनीने सहाच्या सुमारास मूठभर चणे-दाणे खावेत आणि रात्री मुगाची खिचडी किंवा ताक-भात एवढंच घ्यावं, असं मला वाटतं. पण तिने घरात पाऊल टाकल्यावर खिचडी शिजायला घालायची असेल, तर पुन्हा दहा वाजणारच. काका निवृत्त आहेत, संध्याकाळी घरीच असतात. कुकर त्यांनी लावावा.