हृदय हिरवं, मांडी फाटलेली

मंगळवारचा सराव, हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागचा स्नायू, पाच ते सहा आठवडे बाहेर. बस, एवढंच. इनबॉक्समधला फिजिओचा निरोप असा थंड असतो, जणू आज टँकर येणार नाही, उद्या बघा, असं कुणी सांगायलाय.

फुटबॉल मॅनेजर हा क्लब चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्याला हा निरोप पाठ असतो. दुखापत व्हायचीच, त्याचं काही वाटत नाही. डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीनं. वेग १ ते २० मध्ये दाखवतात, फिनिशिंग, म्हणजे गोल मारायची सफाई, दाखवतात, कॉर्नर कसा मारतो तेसुद्धा आकड्यात मांडून दाखवतात. दुखापतीची प्रवृत्तीही आत १ ते २० मध्येच लिहिलेली असते, पण तीच तेवढी लपवलेली! पाच कोटी पाउंडांचा सौदा ज्या आकड्यावर बुडतो, तोच आकडा पडद्याआड.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात नाहीतर माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा आधी दात मोजतो, खुरं बघतो, मंग चालवून बघतो. लंगडणाऱ्या बैलाला पुरता भाव कुणी देत नाही. इथं मात्र लंगड्या विंगरचा, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळणाऱ्या गड्याचा, भाव चारही पाय धड असल्यासारखा लागतो, अन् आपण हसत हसत दावं हातात घेतो.

आता हा लपवलेला आकडा ओळखता येतच नाही असंही नाही, आणि म्हणूनच न बघता घेणाऱ्यांवर दुप्पट राग येतो. स्काउटच्या, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्या माणसाच्या, अहवालात उणिवांमध्ये दुखापतीबद्दल एक ओळ येते. ती ओळ वाचून पुढे सरकणारे नग काही कमी नाहीत. खेळाडूच्या प्रोफाइलमध्ये जुन्या दुखापतींची यादी असते. मागच्या तीन हंगामांत लीगचे किती सामने खेळला ते मोजा. ३८ पैकी १९, २२, १६ असं निघालं तर पुढंही तेच निघणार, आपल्याकडं येऊन त्याला काही नवस फळणार नाही. एकच दुखणं तीनदा दिसलं, म्हणजे हॅमस्ट्रिंग, परत हॅमस्ट्रिंग, मंग तिसऱ्यांदाही हॅमस्ट्रिंग, तर तो स्नायू पुन्हा जाणार हे धरूनच चाला. एकदा पाय मोडून आठ महिने बसलेला खेळाडू त्यापेक्षा परवडतो. तो अपघात होता, ही खोड आहे.

आणि नॅचरल फिटनेसचा घोळ तर विचारूच नका. लोक म्हणतात, ‘नॅचरल फिटनेस १५ आहे, मंग काहून मोडतो?’ अरे, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॅचरल फिटनेस म्हणजे थकल्यावर किंवा दुखापतीनंतर तो किती लवकर भरून येतो. मोडण्याचं खातं वेगळं. मोडकाही आणि भरून यायला आळशीही असा मिळाला, नॅचरल फिटनेस ८-९, आणि वर वेग १८, तर तो दिसायला हिरा, खिशाला बोअर: पैसा आत जात राहतो, पाणी लागत नाही.

असा खेळाडू घेऊच नका असं नाही. अर्धा खेळाडू म्हणून घ्या, अर्ध्या भावानं घ्या. रोख कमी ठेवा, उरलेली रक्कम ठराविक लीग सामने पूर्ण झाल्यावर देण्याची अट टाका. पगाराचा आकडा खाली आणून प्रत्येक सामन्याचं मानधन वाढवा. खेळला तर घे, नाही खेळला तर बस. एजंट नाकं मुरडेल, मुरडू द्या. आधी लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून उसना, घेऊन नंतर खरेदीचा पर्याय मिळत असेल तर त्याहून बरं. आणि त्याच जागेवर खरोखर खेळू शकेल असा दुसरा माणूस संघात ठेवा. अठरा वर्षांचं पोरगं नको, पुरता माणूस. हा दुसरा माणूस परवडत नसेल तर पहिला तर मुळीच परवडत नाही.

बरं, घेतला. आता सराव. सगळा नास इथंच होतो, कारण सराव सहायकाकडं सोपवून सगळे निवांत. आठवड्यात दोन सामने असताना वेळापत्रकात शारीरिक सत्र दिसतं आणि कुणी ते काढत नाही. प्रत्येक सत्राखाली लिहिलेलं असतं की थकवा किती वाढणार, दुखापतीचा धोका किती वाढणार. वाचा की राव! शनिवार-बुधवार-शनिवार असे सामने असतील तर मधल्या दिवसांत रिकव्हरी, विश्रांती आणि सामन्याची हलकी तयारी, एवढंच ठेवा. एन्ड्युरन्स, रेझिस्टन्स, क्विकनेस ही सत्रं ज्या आठवड्यात एकच सामना आहे तेव्हा.

मग सरावाच्या विश्रांतीच्या पानावर जा. तिथं खेळाडूच्या दमानुसार सराव किती कडक ठेवायचा ते ठरवता येतं. पूर्ण ताजा असला तरच नेहमीचा सराव, त्याखाली अर्धा, त्याखाली मैदान आणि जिम दोन्ही बंद. दुप्पट कडक सरावाला नाजूक खेळाडूच्या बाबतीत हातच लावू नका. शिवाय वैयक्तिक सरावात त्याला जादा फोकस दिलेला असतो, वर एखादी नवी सवयही शिकवायला लावलेली असते. दोन्हींनी ओझं वाढतं. २९ वर्षांच्या माणसाला आता काय नवीन शिकवायचंय? काढून टाका. १९ वर्षांचा असेल तर अवघड आहे, कारण अर्ध्या सरावात तो वाढत नाही आणि पुऱ्या सरावात टिकत नाही. तिथं महिन्याचे सामने बघून एक आठवडा पुरा, एक आठवडा अर्धा, असं हातानं बदलत राहावं लागतं. कटकट आहे, पण दुसरा रस्ता नाही.

हंगामपूर्व सराव कापणाऱ्यांना तर कोपरापासून दंडवत. पाच-सहा आठवड्यांचा तो काळ म्हणजे पेरणीआधीची मशागत. तिथं दम कमावला नाही तर नोव्हेंबरपासून एकेक गळायला लागतो.

आता ते हृदयाचं चिन्ह. पूर्वी दम टक्क्यांत दिसायचा, ९४ की ८८ ते कळायचं. आता हिरवं हृदय, पिवळं हृदय, लाल हृदय. शेतीचा सल्ला द्यायचा आणि पाऊस किती मिलिमीटर पडला ते न सांगता ‘बरा पडला’ म्हणायचं, त्यातला प्रकार! त्यातही हिरवं हृदय म्हणजे आजचा दम. महिनोन्महिने साठलेला थकवा त्यात दिसत नाही. तो बघायचा तर मेडिकल सेंटरमध्ये जावं लागतं, तिथं धोका जास्त लिहिलेला असतो आणि संघनिवडीच्या पानावर हाच गडी हिरवागार बसलेला असतो. सामन्याआधी मेडिकल सेंटर उघडलं नाही तर तक्रार करायचा हक्क नाही.

सामन्यात त्याला ९० मिनिटं ठेवायचा मोह आवरा. बदली खेळाडू पाच मिळतात, ते काय लोणच्याला ठेवायचेत? साठाव्या मिनिटाला बाहेर. दोन गोलांनी पुढं असाल तर त्याआधीच. टॅकल हलके करायची वैयक्तिक सूचना द्या. टोकाचं प्रेसिंग, म्हणजे चेंडूसाठी सतत समोरच्याच्या अंगावर धावणं, लावून अकरा जण नव्वद मिनिटं पळवायचे आणि मंग फिजिओला शिव्या द्यायच्या, हे बंद करा. किरकोळ मार लागल्याचं चिन्ह दिसलं की काढा. ‘दहाच मिनिटं राहिलीत’ म्हणून ठेवलेले गडी दहा आठवडे बाहेर बसतात. इंजेक्शन देऊन खेळवायचा पर्याय तर अंतिम सामना सोडून दिसलाच नाही असं समजा.

परत आला की लगेच पहिल्या अकरात? नाही. आधी राखीव संघ, मंग शेवटची २०-२५ मिनिटं, मंग ६०.

यावर शहाणे म्हणतात, खऱ्या फुटबॉलात याहून वाईट होतं. होतं ना. ब्राझीलचा नेमार २०२३ मध्ये सौदीच्या अल हिलाल क्लबला गेला आणि क्लबकडून जेमतेम सात सामने खेळून गेला. पण त्याचा गुडघा गेला कुठं? ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना. गेममध्येही नेमकं तेच होतं. सप्टेंबरपासून तळहातावरच्या फोडासारखा जपलेला गडी, अर्धा सराव, साठ मिनिटं, सगळं मोजून-मापून. मंग येतो आंतरराष्ट्रीय ब्रेक, म्हणजे क्लबचे सामने थांबवून देशादेशांचे सामने, आणि त्याचा देश कुठल्यातरी मैत्रीपूर्ण सामन्यात त्याला शेवटपर्यंत पळवून, लंगडत परत पाठवून देतो. शेजाऱ्यानं ट्रॅक्टर मागून न्यावा आणि रोटाव्हेटरची पाती मोडून अंगणात आणून उभा करावा, तसं. डिझेलही आपलंच, कारण त्याचा पगार तर आपल्याच खात्यातून जायलाय.