श्रेय देवाला देणे म्हणजे मिरवणे नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

माझ्या मागील लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. बढती किंवा परीक्षेतील यश मिळाल्यावर चारचौघांत देवाचे आभार मानणे म्हणजे त्याच्या नावाखाली स्वतःचीच आरती ओवाळून घेणे होय, असे आपण म्हणता. त्यापुढे दशमांशाबद्दल, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याबद्दल, एक टोमणा आहे, आणि प्रार्थना करूनही ज्यांच्या पदरी अपयश येते त्यांनी कशाबद्दल आभार मानायचे, असा प्रश्न आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र "असले लेख पोट भरलेल्यांनाच सुचतात" हे वाक्य लिहिण्यापूर्वी लेखकाचे पोट कसे भरले याची निदान चौकशी तरी करायची होती. मुद्दा सुचला नाही की समोरच्याच्या ताटात डोकावायचे, ही रीत मला चर्चमधल्या मंडळीच्या सभांमधून चांगली परिचयाची आहे.

एक गोष्ट मान्य करतो. साक्षीच्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते चारचौघांत सांगण्याच्या, नावाखाली पगारवाढ मिरवणारे लोक असतात आणि त्यांचे बोलणे ऐकताना मलाही अवघडल्यासारखे होते. पण काहीजण साक्षीचा बाजार मांडतात म्हणून बाकीच्यांनी तोंड शिवून बसावे, हा कुठला न्याय?

उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे बायबलमधील वचन आपण मला सुनावले आहे. ते मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दानधर्माविषयी आले आहे. त्याच डोंगरावरील प्रवचनात, एकच अध्याय आधी, लोकांनी तुमची सत्कृत्ये पाहून स्वर्गातील पित्याचे गौरव करावे असेही प्रभू येशूने सांगितले आहे. ते वचन आपल्या नजरेतून कसे सुटले? लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात, आणि त्यांपैकी जो एकटा शोमरोनी, म्हणजे यहूद्यांच्या लेखी परका माणूस, परत येतो तो मोठ्याने देवाचे गौरव करत येतो. त्याला प्रभूने गप्प केले नाही, उलट बाकीचे नऊ कुठे आहेत असे विचारले. तुरुंगातून नुकताच काढलेला योसेफ मिसरचा राजा फारो याच्या भर दरबारात सांगतो की स्वप्नाचा उलगडा माझ्या हातचा नाही, उत्तर देव देईल. हे त्याने अधिकारपद मिळण्याच्या आधी सांगितले, हेही लक्षात घ्यावे. लोकांनी केलेला जयजयकार मुकाट्याने स्वतःकडे ठेवणाऱ्या हेरोद राजाचे काय झाले, ते बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आपण स्वतःच पाहावे.

आता पोटाविषयी. लेखा विभागात नवखा असताना पुढच्या महिन्याची विक्रीची बिले चालू महिन्यात ओढून नफा फुगवायला मला सांगण्यात आले होते. नोंदवही समोर उघडी होती, साहेब खुर्चीमागे उभे होते, आणि मी पेन खाली ठेवले. त्या वर्षीची बढती माझ्यानंतर लागलेल्या माणसाला मिळाली. पुढे पुष्कळ उशिरा माझी पाळी आली, तेव्हा सहकाऱ्यांसमोर मी एवढेच म्हणालो की श्रम आपल्या सर्वांचे आहेत आणि बुद्धी देवाने दिलेली आहे. पगारवाढीची पहिली रक्कम प्रथमफळ, म्हणजे मिळकतीचा देवाला अर्पण करायचा पहिला वाटा, म्हणून पाकिटात घालून, नाव न लिहिता, एका आजारी सहकाऱ्याच्या दाराखालून सरकवली. ही गोष्ट मी घरीही सांगितलेली नव्हती. आपल्या प्रतिक्रियेने ती सांगायला भाग पाडले. यात कोणती आरती आणि कोणी ओवाळली, हे आता आपणच सांगावे.

मुळात श्रेय देवाला देणे हे भाषणापुरते नसतेच. हिशेब चोख ठेवणे, हाताखालच्या माणसाचे काम त्याच्या नावावर दाखवणे, मिळालेल्या अधिकाराने कोणाला चिरडू नये याची काळजी घेणे, हे सगळे त्यात येते आणि तसे मी त्या लेखात लिहिलेही होते. तुम्ही तो भाग वाचला नसावा, किंवा वाचूनही सोयीने सोडून दिला असावा.

अपयशी माणसाविषयीचा आपला प्रश्न मोठा आहे. निर्दोष असूनही दुःख सोसणाऱ्या ईयोबाच्या, बायबलमधील पुस्तकाला त्यासाठी 42 अध्याय लागले, तेव्हा त्याचा निकाल येथे दोन ओळींत लावण्याचा आग्रह आपण धरू नये. दशमांशाच्या टोमण्याला मी उत्तर देणार नाही. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा खऱ्या नावाने लिहा.