खुलासा: खाण अभियांत्रिकीची पदवी म्हणजे सुरुंगाचा परवाना नव्हे

‘मायनिंगची डिग्री झाली की खाणीत सुरुंग उडवता येतो, मॅनेजरही होता येतं’ असा मेसेज सातारा-सांगलीत, विशेषतः खडी क्रशरवाल्यांत फिरतोय. तो चुकीचा आहे. मॅनेजरच्या प्रमाणपत्रासाठी पदवीनंतर प्रत्यक्ष खाणीतला अनुभव आणि धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा लागते. स्फोटकं हाताळण्याची परवानगी त्याहून वेगळी.

मग पदवीधराला काय यायला हवं? मुख्यतः हिशेब. समजा आपल्या काळ्या बेसाल्टात पुढच्या मोकळ्या कड्यापासून सुरुंगाचं भोक २.५ मीटरवर, दोन भोकांत अंतर ३ मीटर, बेंचची (खाणीतल्या एका पायरीची) उंची ६ मीटर. एका भोकामागे २.५ × ३ × ६ = ४५ घनमीटर, म्हणजे सुमारे १२५ टन दगड. भोकात २० किलो स्फोटक दारू भरली तर घनमीटरला साधारण ०.४५ किलो पडते. दारूच्या वर भोकाचं तोंड बंद करणारं बुजवण कमी पडलं, किंवा दगडाच्या चुरीऐवजी नुसती ड्रिलची धूळ भरली, की स्फोटाचा वायू भोकाच्या तोंडातूनच सुटतो. दगड शेजारच्या उसात जातो आणि खाली बोल्डर (न फुटलेले मोठे दगड) तसेच राहतात. न उडालेल्या भोकात पुन्हा ड्रिल घालायचं नाही, कधीच नाही.

वरच्या मुरमाचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको. सर्व्हे, नकाशावाचन हे आलंच.